टोयोटा पिकअपला पुढे सॉलिड अ‍ॅक्सल बसवायचा आहे. पाटे कोणते घ्यावेत?

डेन्व्हरकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९१ सालची टोयोटाची फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप आहे. इंजिन चार सिलिंडरचे २२आरई, टायर ३३ इंची, पुढे लोखंडी बंपर आणि त्यावर अडकलेली गाडी ओढून काढणारा विंच. अमेरिकेत विकल्या गेलेल्या या पिकअपना १९७९ ते १९८५ या काळात पुढेही अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांचा संच) होते, आणि १९८६ च्या मॉडेलपासून कंपनीने ते काढून दोन्ही चाके स्वतंत्र हलणारी, टॉर्शन बारवर (पिळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्यांवर) तोललेली रचना दिली, हे इथल्या अनेकांना ठाऊक असेल. रस्त्यावर ती रचना खरोखर सुखाची आहे. माझी अडचण खडकांत सुरू होते.

गेल्या ऑक्टोबरात युटातल्या मोआबजवळच्या एका पायरीवजा खडकावर उजवे पुढचे चाक वर चढले, डावे जमिनीपासून वीतभर उचलले गेले आणि हवेतच फिरत राहिले. खाली उतरून पाहिले, तर चाकाला ताकद देणाऱ्या सीव्ही जॉइंटचे रबर फाटून ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला सगळीकडे उडालेले होते. दोन वर्षांत हे तिसऱ्यांदा झाले. त्यामुळे आता १९८४ च्या गाडीचा अखंड पुढचा अ‍ॅक्सल भंगारातून आणून ठेवला आहे. चाकांचे बोल्ट त्यालाही सहाच आणि १३९.७ मिलीमीटरच्या वर्तुळावर आहेत, त्यामुळे माझी रिम तशीच बसते, आणि डिफरन्शियलही माझ्या ट्रान्सफर केसच्याच (पुढच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्याच) बाजूला आहे.

अडले आहे ते पाट्यांपाशी. पहिला पर्याय म्हणजे १९८५ पर्यंतच्या गाड्यांसाठी बाजारात मिळणारे, पाच इंच उंची देणारे तयार पाटे. दुसरा, टोयोटाचेच मागचे मूळ पाटे पुढे लावणे, जे इथे बरेच जण करतात. तिसरा, कमी कमानीचे तीन इंची पाटे. एका मित्राने शेव्हरोलेच्या पिकअपचे ६३ इंची मागचे पाटेही सुचवले आहेत. गाडी ट्रेलरवर घालून न्यायची नाही. डेन्व्हरहून मोआबपर्यंतचे साडेपाचशेहून अधिक किलोमीटर ती आंतरराज्य ७० या महामार्गावरून स्वतः धावत जाणार आणि तशीच परत येणार, हे कृपया लक्षात घ्यावे. पाच इंची पाटे घेतले की टायरला जागा होईल, एवढाच विचार मी आतापर्यंत केला आहे.

सिएरावाट

डेन्व्हरकर, तुम्ही जिथे उभे आहात तिथे मी अकरा वर्षांपूर्वी उभा होतो. माझी गाडी १९८७ ची फोररनर, आणि मी नेमके तेच पाच इंची पाटे घेतले होते. विकणाऱ्याने मला गाडीचे वजन विचारले नाही आणि मलाही ते सांगावेसे वाटले नाही. पाटे बसवले, जॅक उतरवला, आणि गाडी खाली बसण्याऐवजी जवळजवळ तशीच उभी राहिली. पुढच्या बंपरवर मी आणि माझा भाऊ असे दोघे चढून उड्या मारत होतो, तरी पुढचा भाग दोन बोटेसुद्धा दबत नव्हता. खडकांत ती गाडी टॉर्शन बारच्या दिवसांइतकीच, किंबहुना थोडी अधिक, चाके उचलू लागली. सगळा खर्च करून मी मजबूत अ‍ॅक्सल मिळवला होता, पण त्याला हलायला जागा दिली नव्हती.

त्या चुकीतून मला जे कळले, ते तुम्ही पाटे मागवण्याआधी कळावे अशी मनापासून इच्छा आहे. गाडी सपाट जागी उभी असताना तिच्या वजनाने पाटा जितका दबलेला असतो, साधारण तितकेच चाक त्या जागेवरून खाली उतरू शकते. त्यापुढे पाट्यावरचा भार संपतो. अ‍ॅक्सलच्या स्वतःच्या वजनाने पाटा आणखी थोडा ओढला जाईल, पण टायरवर जमीन धरून ठेवणारा जोर उरत नाही. माझ्या त्या पाट्यांचा ताठरपणा इंचाला सुमारे ३०० पौंड, म्हणजे मिलीमीटरला ५.४ किलोच्या आसपास होता आणि प्रत्येक पाट्यावर जेमतेम ३७० किलो बसत होते. भागाकार केला की ६९ मिलीमीटर येतात. म्हणजे खड्ड्यात चाक उतरायला माझ्याकडे पावणेतीन इंचही नव्हते. हेच वजन इंचाला २०० पौंडांच्या पाट्यावर असते, तर तो १०० मिलीमीटरच्या पुढे दबला असता आणि चाक तितकेच खाली पोचले असते.

तेव्हा "पाटा किती इंची" हा प्रश्न बाजूला ठेवा. त्या पाच इंचांचा अर्थ एवढाच की एका विशिष्ट गाडीवर, एका विशिष्ट वजनाखाली, मूळ पाट्याच्या तुलनेत तो पाच इंच उंच बसतो. तुमच्या गाडीला मुळात पुढे पाट्याची टोके चासीला धरणारे हँगरच नाहीत. ते तुम्ही स्वतः वेल्ड करणार आहात. गाडीची उंची हँगर किती खाली घेता आणि शॅकल (पाट्याचे एक टोक धरणारी झुलती कडी) कुठे ठेवता यावर जितकी ठरते, तितकी पाट्याच्या कमानीवर ठरण्याची गरज नाही. ही मोकळीक १९८४ ची मूळ गाडी बाळगणाऱ्याला नसते, तुम्हाला आहे.

मित्राने सुचवलेल्या ६३ इंची पाट्यांबद्दल: ते उत्तम पाटे आहेत आणि टोयोटाच्या मागच्या बाजूला लोक ते आवडीने लावतात. पुढे मात्र तेवढी लांबी बसवायची म्हटले की पाट्याचा पुढचा डोळा, म्हणजे हँगरला बोल्टने बसणारे गुंडाळलेले टोक, बंपरच्याही पुढे येतो, आणि मग खडक आधी टायरला न लागता हँगरला लागतो. तो पर्याय मी सोडून देईन.

कृपया काट्यावर जाऊन फक्त पुढच्या चाकांचे वजन करून आणा, विंच आणि बंपरसकट, टाकी भरून. त्यानंतर टॉर्शन बारची रचना उतरवाल तेव्हा निघणारा प्रत्येक भाग चाकांसह तोला. ते वजन वजा करून उरलेल्याचे दोन भाग केले की एका पाट्यावर काय बसणार, याचा पुरेसा अंदाज येतो.

पाटेवाला कोल्हापूर

नमस्कार. आमच्या घरात तीन पिढ्या पाट्यांचेच काम चालते. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या, ट्रक आणि जुन्या जीपा हे आमचे गिऱ्हाईक. अमेरिकेतल्या या गाड्या मी पाहिलेल्या नाहीत, पण पाटा सगळीकडे पाटाच असतो, म्हणून लिहितो.

सिएरावाट यांनी ताठरपणाचे सांगितले ते अगदी बरोबर आहे. तो ताठरपणा कशातून येतो, हे गिऱ्हाइकाला कळले की त्याची फसगत होत नाही. पाट्याची रुंदी किंवा पाट्यांची संख्या दुप्पट केली तर ताठरपणा दुप्पट होतो. जाडी मात्र तिसऱ्या घाताने काम करते: ६ मिलीमीटरऐवजी ७ मिलीमीटरची पट्टी घेतली, म्हणजे फक्त एक मिलीमीटर वाढवला, तर तोच संच जवळजवळ ६० टक्क्यांनी कडक होतो. लांबीही तिसऱ्याच घाताने काम करते, पण उलट्या दिशेने: लांबी १० टक्के वाढवली की पाटा साधारण २५ टक्क्यांनी मऊ पडतो. म्हणून मऊ पाटा हवा असेल तर पट्ट्या काढून टाकण्याआधी लांबी वाढवता येते का ते पाहावे.

पट्ट्या कमी करून मऊपणा आणण्याची सवय आमच्याकडेही आहे आणि मी तिच्या विरुद्ध आहे. समजा, ६ मिलीमीटरच्या सात पट्ट्यांऐवजी कोणी ७ मिलीमीटरच्या चार घातल्या. ताठरपणा थोडा कमीच भरतो, म्हणून गिऱ्हाईक खूश होते. पण त्याच भाराखाली प्रत्येक पट्टीवर येणारा ताण सुमारे २९ टक्क्यांनी वाढलेला असतो. असा संच आधी बसतो, म्हणजे कमान सोडतो, आणि मग पट्ट्या मधोमध जोडणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकापाशी तडकतो. पातळ आणि पुष्कळ पट्ट्या, हाच खडकात चालणाऱ्या गाडीचा पाटा. पट्ट्यांच्या टोकांना नायलॉनच्या चकत्या असतील तर घर्षण कमी होऊन बारीक खड्डेही पाटा गिळतो. ग्रीस लावू नका. त्यात वाळू बसते आणि पट्ट्या एकमेकींना कानशीसारख्या खातात.

आता मागचे पाटे पुढे लावण्याबद्दल. ते लांब असतात, म्हणून कल्पना चांगली आहे. पण मागच्या संचात तळाशी जी जाड, जवळजवळ सपाट पट्टी असते ती माल भरल्यावर आधार देण्यासाठी असते. पुढे ती ठेवली तर थोड्या चालीनंतर पाटा एकदम कडक होईल, म्हणून ती काढावी. दुसरे असे की भंगारातून आणलेल्या दोन पाट्यांची कमान क्वचितच सारखी असते. आम्ही दुकानात काय करतो ते सांगतो. पाटा फरशीवर आडवा टाकायचा, एका डोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्या डोळ्याच्या मध्यापर्यंत दोरा ताणून बांधायचा, आणि सेंटर बोल्टपाशी दोऱ्यापासून मेन, म्हणजे सर्वांत वरच्या, पट्टीच्या वरच्या अंगापर्यंतचे अंतर पट्टीने मोजायचे. हीच मोकळी कमान. दोन्ही पाट्यांत ५ मिलीमीटरपेक्षा जास्त फरक निघाला, तर ती जोडी मी एकाच गाडीला बांधत नाही.

बसलेल्या पाट्याला थंड अवस्थेत घणाने ठोकून पुन्हा कमान देणारे लोक सगळीकडे असतात. ती कमान काही महिन्यांत परत जाते. पट्टी तापवून, कमान देऊन, तेलात विझवून, नंतर ठरावीक तापमानाला पुन्हा मुरवली तरच ती टिकते. आमच्याकडे त्यासाठी सुप-९ किंवा ईएन-४५ पोलाद वापरतात. तुमच्याकडे ५१६० नावाचे मिळते, तेही याच कामाचे आणि चांगले आहे. शिवाय भार आल्यावर पट्टीचे वरचे, आतल्या वळणाचे अंग ताणले जाते आणि तडा तिथूनच सुरू होतो. चांगला कारखाना त्याच अंगावर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करून ते दाबून घट्ट करतो. त्या अंगावर वेल्डिंगचा एक शिंतोडा उडाला, तरी तेवढ्या ठिपक्यापाशी पोलाद कडक आणि ठिसूळ होते. हँगर वेल्ड करताना पाटे उतरवून ठेवा, किंवा किमान ओल्या गोणपाटाने पूर्ण झाका, आणि वेल्डिंगची अर्थिंगची तार पाट्याला कधीही लावू नका.

अजून एक. मेन पट्टीचा डोळा तुटला तर अ‍ॅक्सल एका बाजूला मागे सरकतो आणि पुढच्या अ‍ॅक्सलच्या बाबतीत त्याचा अर्थ स्टिअरिंग हातातून जाणे असा होतो. म्हणून दुसरी पट्टी मेन पट्टीच्या डोळ्याभोवती सैलसर गुंडाळलेली असलेलेच पाटे घ्या. यावर पैसे वाचवू नका.

डेन्व्हरकर

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी काट्यावर जाऊन आलो. पुढच्या दोन चाकांवर मिळून १,०४० किलो भरले. आल्यावर टॉर्शन बारची रचना उतरवली आणि निघालेले सगळे भाग चाकांसह तोलले. ते २२५ किलो झाले. म्हणजे ८१५ किलो उरतात आणि एका पाट्यावर सुमारे ४०७ किलो.

तीन इंची पाटे बनवणाऱ्याकडे फोन करून प्रत्यक्ष मापे विचारली. पाटा ४८ इंच लांब, ६० मिलीमीटर रुंद, ६ मिलीमीटरच्या सात पट्ट्या, दुसरी पट्टी डोळ्याभोवती गुंडाळलेली. पाटा खाली बांधणाऱ्या यू-बोल्टमध्ये आवळलेला भाग वाकत नाही म्हणून तो काही अंशी वगळून कामाची लांबी १,१४० मिलीमीटर धरली, तर ताठरपणा मिलीमीटरला साधारण ३.४५ किलो येतो. त्यावरून पाटा उभ्या गाडीत ११८ मिलीमीटर दबेल. हा हिशेब बरोबर आहे का? आणि असेल, तर मोकळी कमान किती मागावी?

चासीलेखक पुणे

हिशेब बरोबर आहे. मी वाहनांच्या चासीच्या रचनेचे काम करतो, म्हणून त्यावर एक पडताळा देतो. स्प्रिंग स्थिर अवस्थेत जितकी दबते त्यावरून गाडीच्या वरखाली हेलकाव्याची गती थेट निघते. ११८ मिलीमीटर दबणाऱ्या पाट्यावर ती सेकंदाला सुमारे दीड आवर्तन येते. सिएरावाट यांच्या ६९ मिलीमीटरवर ती १.९ होती. प्रवासी मोटारी साधारण एक ते दीडच्या दरम्यान ठेवतात, आणि पावणेदोनच्या पुढे गेले की लांबच्या प्रवासात मानेला आणि कमरेला जाणवू लागते. पट्ट्यांमधले घर्षण हा आकडा प्रत्यक्षात थोडा वाढवते. तरीही महामार्गावरून जाऊन-येऊन करणाऱ्या गाडीसाठी तुमची निवड मला योग्य वाटते.

मोकळ्या कमानीसाठी मी असा विचार करेन: भार आल्यावर ४० मिलीमीटर कमान उरावी, म्हणजे ११८ आणि ४० मिळून १५८. नवा पाटा सुरुवातीच्या काही आठवड्यांत थोडा बसतो, त्यासाठी १० मिलीमीटर धरून १६५ ते १७० मागा. उभ्या गाडीत जवळजवळ सपाट असलेला पाटा पाहून पुष्कळांना तो थकल्यासारखा वाटतो, पण चांगल्या पाट्याचे लक्षण तेच आहे. फार कमानीचा पाटा सपाट होताना त्याची डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी बरीच वाढते, त्यामुळे अ‍ॅक्सल प्रत्येक खड्ड्यात पुढेमागे सरकतो. सपाटाच्या आसपास काम करणाऱ्या पाट्यात हे सरकणे अगदी थोडे असते.

आता ज्या गोष्टीकडे पाटे निवडताना दुर्लक्ष होते तिच्याकडे येतो. पाटा अ‍ॅक्सलला नुसता तोलत नाही, तो त्याची जागा आणि त्याचा कलही ठरवतो. शॅकल मागे आणि स्थिर डोळा पुढे ठेवा, जसे १९८५ पर्यंतच्या टोयोटामध्ये होते. चाक खडकावर आदळते तेव्हा पाटा सपाट होत लांबतो आणि अ‍ॅक्सल वर जाता जाता किंचित मागे सरतो, म्हणजे धक्क्याच्या दिशेनेच. जीप रँग्लरच्या वायजे मॉडेलमध्ये शॅकल पुढे होते. तिथे अ‍ॅक्सल धक्क्याच्या विरुद्ध पुढे ढकलला जाई, आणि म्हणूनच त्या जीपांचे शॅकल मागे नेण्याचे सुटे संच विकले जात. मागच्या शॅकलचा एक तोटा आहे: चाक खाली लोंबते तेव्हा अ‍ॅक्सल पुढे आणि खाली असा दोन्हीकडे जातो, त्यामुळे ट्रान्सफर केसपासून पुढे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला जास्त लांबावे लागते. लांब स्प्लाइनचा शाफ्ट घेतल्याशिवाय गाडी खडकात नेऊ नका, नाहीतर तो एक दिवस उतारावर निसटून बाहेर येईल.

शॅकल उभ्या गाडीत सरळ उभा नसावा. त्याचे खालचे टोक मागे झुकलेले असावे, म्हणजे पाट्याला लांबायला मोकळीक राहते. तो उलटा, पुढे कललेला बसला, तर पहिल्याच मोठ्या लोंबकळण्यात तो चासीला टेकून अडकण्याचा धोका असतो.

कॅस्टरबद्दल, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळते तो मागे किती झुकला आहे त्याबद्दल, जरा सविस्तर लिहितो, कारण महामार्गावरचा तुमचा सारा आत्मविश्वास त्यावर अवलंबून आहे. ३३ इंची टायरला मी चार ते सहा अंश कॅस्टर ठेवेन. तुम्ही गाडीची उंची पुढचा हँगर खाली घेऊन साधणार आहात. १,२०० मिलीमीटर लांबीच्या पाट्याचा पुढचा डोळा मागच्यापेक्षा ५० मिलीमीटर खाली गेला की अख्खा पाटा सुमारे २.४ अंशांनी पुढे कलतो. अ‍ॅक्सल त्याच्याबरोबर फिरतो, कॅस्टर तेवढाच घटतो आणि पिनियनचे, म्हणजे डिफरन्शियलला शाफ्ट जिथे जोडतो त्या भागाचे, तोंड वर उचलले जाते. पाचर घालून कॅस्टर परत मिळवावा, तर पिनियनचे तोंड खाली जाते आणि शाफ्टचा कोन बिघडतो. दोन-तीन अंशांपर्यंत पाचर चालते, ती पोलादी असावी, अ‍ॅल्युमिनियमची फुटते. त्यापेक्षा जास्त फरक असेल, तर अ‍ॅक्सलच्या टोकांचे गोलाकार नकल (चाक ज्यावर वळते ते सांधे) कापून, फिरवून पुन्हा वेल्ड करणे हाच खरा उपाय आहे. हे काम अ‍ॅक्सल सुटा असतानाच सोपे असते, म्हणून आत्ताच मोजून ठरवा.

स्टिअरिंगचेही पाट्याशी नाते आहे. १९८५ पर्यंतची मूळ पद्धत म्हणजे ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) चासीच्या लांबीच्या दिशेने मागेपुढे ढकलणारी. अ‍ॅक्सल पाट्याबरोबर एका वर्तुळखंडात हलतो, लिंक दुसऱ्याच वर्तुळखंडात, आणि चाल जितकी मोठी तितके खड्ड्यागणिक स्टिअरिंग आपोआप वळते. तुम्ही मोठी चाल मिळवण्यासाठीच हा खटाटोप करत आहात, त्यामुळे ती पद्धत नको. तुमच्या गाडीच्या मूळ स्टिअरिंग बॉक्सचा आर्म आडवा फिरतो. त्यापासून उजव्या नकलपर्यंत आडवी ड्रॅग लिंक टाका. पाच इंची कमानीच्या पाट्यावर ही आडवी लिंक तिरपी उतरली असती. तुमच्या पाट्यावर ती जवळजवळ सपाट राहील.

नाशिकचा थारवाला

चर्चा फार उपयोगी आहे. माझ्याकडे २०१० साली आलेल्या थारचा सीआरडीई प्रकार आहे, ज्याला पुढे टॉर्शन बार आहेत. हाच बदल मी इथे केला तर?

पाटेवाला कोल्हापूर

पाटे मी बनवून देऊ शकेन, पण आधी हे वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. टॉर्शन बार काढून अ‍ॅक्सल बसवणे हा किरकोळ बदल नाही. अपघात झाला तर विम्याचाही प्रश्न उभा राहील. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी असे काम मी हातात घेत नाही. ज्यांना हौस आहे त्यांना मी मुळातच पुढे पाटे असलेली जुनी जीप घ्यायला सांगतो आणि तिचे पाटे नीट करून देतो.

डेन्व्हरकर

ठरले. ४८ इंची, सात पट्ट्यांची जोडी, मोकळी कमान १६८ मिलीमीटर, अशी मागणी नोंदवली आहे. अ‍ॅक्सलचे नकल कापून साडेतीन अंशांनी फिरवायला दिले. शॅकल मागे, ड्रॅग लिंक आडवी. पाटेवाले, दोऱ्याचे माप तुम्ही सांगितले तसेच मी पाटे हातात आल्याबरोबर घेईन आणि इथे दोन्ही आकडे लिहीन.

एकच शंका उरली: अ‍ॅक्सलवरच्या पाट्यांच्या बैठका आधी वेल्ड कराव्यात की नंतर?

सिएरावाट

सर्वांत शेवटी. आधी बैठका नुसत्या टाचून ठेवा. इंजिन, रेडिएटर, बंपर, विंच, बॅटरी, सगळे जागेवर बसवा आणि गाडी स्वतःच्या चाकांवर उतरवा. मग ती आपल्या हातांनी हलवून, शॅकल मोकळे आहेत याची खात्री करून, नकलवर अंशमापक लावून कॅस्टर बघा, पिनियनचा कोन बघा, आणि दोन्ही मान्य झाल्यावरच अ‍ॅक्सलवर खूण करा. पूर्ण वेल्ड अ‍ॅक्सल पुन्हा खाली काढून, पाट्यांपासून दूर, तुकड्यातुकड्याने करा. एका दमात केले तर नळी वाकते आणि आतले ऑइल सील गळू लागते. डोळ्यांचे बोल्ट गाडीचे वजन पाट्यांवर असतानाच शेवटचे आवळा, कारण लोंबत्या अवस्थेत आवळले तर रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात.

बंप स्टॉप, म्हणजे वरची चाल अडवणारा ठोकळा, उभ्या स्थितीपासून ९० मिलीमीटरच्या चालीवर टेकेल असा लावा, म्हणजे पाटा प्रमाणाबाहेर उलटा वाकणार नाही. आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर घेण्याआधी पूर्ण दबलेल्या आणि पूर्ण लोंबत्या अशा दोन्ही स्थितींतली लांबी प्रत्यक्ष मोजा. एक चाक जॅकवर चढवून दुसरे पूर्ण लोंबू द्या आणि तेव्हा ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना, हेही त्याच वेळी पाहून घ्या. यू-बोल्ट नवेच घ्या, एकदा ताणलेले पुन्हा वापरू नका. मोआबला निघण्याआधी आसपासच तीन-चारशे किलोमीटर गाडी फिरवा आणि घरी आल्यावर आठही नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा; माझ्या गाडीत पहिल्या खेपेला प्रत्येक नट जवळजवळ पाव फेरा फिरला होता.